‘घराला कुलूप होतं’: बीएसडब्ल्यूच्या फील्डवर्कमधल्या खोट्या नोंदींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, प्रवेश घेतलेल्या मुलांना घरून एक प्रश्न हमखास येतो: “आठवड्यातले दोन दिवस तुमचं कॉलेज बंद कसं काय असतं?” ते बंद नसतं. ते दोन दिवस फील्डवर्कचे. आमच्याकडे गुरुवार आणि शुक्रवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 5. प्रत्येकाला एक संस्था मिळते, तिला सगळे ‘एजन्सी’ म्हणतात. संस्थेत एक सुपरवायझर, कॉलेजात एक. झालेल्या प्रत्येक दिवसाचा वृत्तांत जर्नलमध्ये लिहायचा आणि सोमवारी जमा करायचा. त्यावर आठवड्यातून एकदा अर्धा तास विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलायचं, ती ‘आयसी’. सगळ्या गटाची मिळून होते ती ‘जीसी’. फील्डवर्कला वेगळं पासिंग आहे आणि 80 टक्के हजेरी सक्तीची. लेखी पेपर राहिला तर पुढच्या वर्गात बसून सोडवता येतो. फील्डवर्क राहिलं तर वर्ष राहतं.

ही पद्धत नवी नाही. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच पुढे ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) झाली. ती नागपाड्यातल्या वस्तीकामातून उभी राहिली होती. वर्ग आणि वस्ती यांची जोडी तेव्हापासूनची. पुढे जे कॉलेज निघालं त्याने थोडाफार फरक करून हाच साचा उचलला.

ज्या विद्यार्थ्याबद्दल हे लिहिते आहे त्याला इथे सागर म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायदे, योजना आणि तारखांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळा पेच त्या क्रमातच आहे. मी सागरची कॉलेजकडची सुपरवायझर होते.

सागर धाराशिव जिल्ह्यातला. घरी अडीच एकर कोरडवाहू, धाकटी बहीण अकरावीत. 2023-24 साली तो दुसऱ्या वर्षाला होता. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कॉट बेसिसवर राहायचा, एका खोलीत पाच जण. वसतिगृहात नसलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेचा अर्ज भरलेला होता, पण त्या वर्षीचा हप्ता अजून खात्यावर आला नव्हता. वर्गात तो पुढच्या बाकावर नसायचा, पण केसवर्कच्या, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत करायच्या कामाच्या, पेपरात त्याला चांगले गुण होते. स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय (ज्याचा निर्णय त्यानेच घ्यायचा) ही तत्त्वं त्याने उदाहरणांसकट लिहिली होती. ते पेपर मीच तपासले होते.

त्याची एजन्सी म्हणजे वस्तीपातळीवर काम करणारी एक छोटी संस्था. शुक्रवारी तिथल्या अंगणवाडीशी जोडलेलं काम, गुरुवारी घरभेटी, आणि वर्षभरात दोन केस. त्यातली एक केस मावशींची.

मावशी 52 वर्षांच्या. गुडघे गेल्यापासून कँटीनचं काम सुटलेलं. शेजारच्या मेसवाल्या बाईला सकाळी पोळ्या लाटून देत. नवरा वर्कशॉपमध्ये हमाली करायचा. जानेवारी 2023 मध्ये तो मराठवाड्यातल्या मूळ गावी जत्रेला गेला आणि तिथेच हृदयविकाराने वारला. दिवसपाणी थोरल्या दिराने केलं, पण मृत्यूची नोंद कोणीच केली नाही. मावशींना वाटलं दिराने केली असेल. ती दिराच्या सोयीची नव्हती हे नंतर कळलं: दाखला नाही तर वारस नोंद नाही, आणि वारस नोंद नाही तर दोन भावांच्या सामाईक जमिनीत मावशींचं नाव नाही.

इथे कायद्याची थोडी माहिती लागेल. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. त्यानंतर वर्षाच्या आत असेल तर ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. पूर्वी हा आदेश प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातून यायचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी, किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथेच, म्हणजे मावशींच्या बाबतीत गावच्या ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाकडे.

सागरची आणि त्यांची पहिली भेट ऑगस्ट 2023 मधली. तेव्हा वर्षातले सात महिने गेले होते, पाच उरले होते. मावशींना हवी होती संजय गांधी निराधार योजना, महिना 1,500 रुपये. तिला उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. शहरात एवढ्यात कोण जगतं हे खिडकीपलीकडचं कोणी विचारत नाही; नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मात्र पहिल्यांदा विचारतात.

प्रश्न कसा समोर आला

26 जानेवारी 2024. झेंडावंदन झालं, चहा झाला, मुलं पांगली. मी स्टाफरूममध्ये सहामाहीची जर्नलं घेऊन बसले होते. टेबलावरच्या पेपरात अंगणवाडी सेविकांचा संप मिटल्याची बातमी होती. 4 डिसेंबरपासून राज्यभर चाललेला, पन्नासहून जास्त दिवसांचा संप. त्याच पेपरावर मी सागरचं जर्नल उघडलं.

8 डिसेंबर, शुक्रवार: “अंगणवाडीत 22 मुले उपस्थित होती. सेविकाताईंनी बडबडगीते घेतली. खिचडीचे वाटप झाले.” 15 डिसेंबर: “19 मुले. दोन मुलांचे वजन कमी भरले, पालकांशी चर्चा केली.” 5 जानेवारी: “सेविकाताईंनी माता बैठक घेतली, 11 माता उपस्थित.”

अंगणवाडीला कुलूप होतं. तिथल्या सेविका मोर्चात होत्या. कॉलेजकडे येताना त्यांच्या धरण्यावरून मी स्वतः दोनदा गेले होते. आणि या तीनही नोंदींखाली माझी हिरव्या शाईतली सही होती. 15 डिसेंबरच्या नोंदीखाली तर मी लिहिलं होतं, “छान निरीक्षण. पालकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत द्यावे.”

मग मी पानं मागे उलटत गेले. 30 नोव्हेंबर, गुरुवार: “मावशींसह सेतू केंद्रात जाऊन अर्ज भरला. ग्रामसेवकांशी दूरध्वनीवर चर्चा केली, त्यांनी सहकार्याचे आश्वासन दिले.” 14 डिसेंबर: “अर्ज प्रक्रियेत असल्याचे समजले. लाभार्थी समाधानी.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी एजन्सीत गेले. तिथल्या समन्वयक ताईंना हजेरीपत्रक मागितलं. सगळ्या दिवसांवर सह्या होत्या. ताईंनी स्वतःहून सांगितलं की महिन्याच्या शेवटी मुलं पत्रक आणतात आणि त्या एकदम सही करून देतात. पंधरा मुलं तीन कॉलेजांची, रोज कोण बघत बसणार. सागर दिवाळीनंतर फारसा दिसलेला नाही, हे त्यांना आठवत होतं, पण “त्याचं काम घरभेटींचं, परस्पर वस्तीत जात असेल” असं त्यांनी धरून चाललं होतं.

दिवाळीनंतर 19 जानेवारीपर्यंत फील्डवर्कचे 16 दिवस झाले होते. त्यांपैकी 11 दिवस तो गेलाच नव्हता. मावशींचा अर्ज भरला गेला नव्हता, ग्रामसेवकाला फोन झाला नव्हता, आणि जानेवारीच्या 20 तारखेला त्यांच्या नवऱ्याच्या मृत्यूला वर्ष पूर्ण झालं होतं. मी जर्नल उघडलं त्याच्या सहा दिवस आधी.

सागरचं म्हणणं

सोमवारी त्याला बोलावलं. तीनही नोंदी पुढे ठेवल्या, शेजारी पेपर ठेवला. तो काही बोलला नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, “मॅडम, संप होता हे मला माहीतच नव्हतं.” मला राग यायला हवा होता; आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या वस्तीत तो दर आठवड्याला होता असं मी समजत होते, तिथली दोन महिन्यांची सगळ्यात मोठी घटना त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग हळूहळू बाहेर आलं. कॉटचे 2,200, मेसचे 2,800, वर प्रवास. दिवाळीला घरी गेला तेव्हा वडिलांनी बहिणीच्या क्लासचे पैसे मागितले. तो आधी रात्री फूड डिलिव्हरी करायचा. दिवाळीनंतर दिवसाचीही घेतली. शुक्रवारी दुपारपासून ऑर्डरी वाढतात आणि इन्सेंटिव्ह लागतो. वर्गात गैरहजर राहिलं की लगेच कळतं, फील्डवर राहिलं की कळत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

“पण अर्ज भरला असं का लिहिलंस? गेलो नाही एवढंच लिहायचं होतं.”

त्यावर त्याने जर्नलची सुरुवातीची पानं उघडली. 7 सप्टेंबर 2023, गुरुवार. त्याच्या अक्षरात तीन ओळी:

“मावशींच्या घराला कुलूप होतं. अर्धा तास थांबलो. शेजारी म्हणाले दवाखान्यात गेल्यात. परत आलो.”

खाली हिरव्या शाईत: “निरीक्षण अपुरे. किमान दोन पाने अपेक्षित. विस्ताराने लिहा.”

त्याच्या पुढच्या आठवड्याचा वृत्तांत अडीच पानांचा होता. त्यात वस्तीचा इतिहास होता, पाण्याचा प्रश्न होता, मावशींच्या चेहऱ्यावरचे भाव होते. त्यातलं किती खरं होतं, हे मी त्याला विचारलं नाही. खाली “प्रगती आहे” असा शेरा होता.

जर्नल मिटताना तो म्हणाला, “मॅडम, खरं लिहिलं तर कमी भरत होतं.”

ही त्याची सबब होती का? थोडी होतीच. कुलूप असल्याचं लिहून गुण कमी मिळणं वेगळं आणि एका बाईचा अर्ज भरला असं लिहून मोकळं होणं वेगळं. पण नोंद म्हणजे काय हे तो ज्या पानावर शिकला, त्या पानावर माझा शेरा होता.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सरळ होता. प्रकरण शिस्तपालन समितीकडे द्यायचं. फील्डवर्क नापास, वर्ष वाया. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत हेच होतं. ते म्हणाले, “डॉक्टरने न तपासता रिपोर्ट लिहिला तर आपण काय म्हणतो? समाजकार्य हा व्यवसाय आहे असं वर्गात शिकवायचं आणि वेळ आली की गरिबीची गोष्ट ऐकून विरघळायचं.” त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आजही येत नाही. मला एकच दिसत होतं: वर्ष गेलं की हा मुलगा परत येणार नाही. हप्त्याची गाडी घेऊन पूर्णवेळ डिलिव्हरीला लागेल. तशी दोन मुलं आधी गेली होती.

दुसरा मार्ग कोणी उघड बोललं नाही, पण तो कॉलेजांमध्ये रोज वापरला जातो. जर्नल परत द्यायचं, “दुरुस्त करून आण” म्हणायचं, फाइल बंद. सह्या माझ्याही होत्या आणि एजन्सीच्याही, म्हणून हा मार्ग सगळ्यांच्याच सोयीचा होता. मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.

तिसरा मार्ग: खोटे अकरा दिवस गैरहजर धरायचे, सुट्टीत भरून घ्यायचे, पैशाची काही सोय लावायची आणि मावशींचं काम सागरनेच पूर्ण करायचं. मला हा आवडला होता. मी तो घेऊन एजन्सीच्या ताईंकडे गेले आणि म्हटलं, “तोच करेल, त्यातून शिकेल.”

ताईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, “मॅडम, मावशी म्हणजे काय तुमची प्रयोगशाळा आहे का? त्याला शिकायचंय म्हणून त्यांनी अजून सहा महिने थांबायचं?”

त्या क्षणापर्यंत आमच्या बोलण्यात सागरचं वर्ष होतं, कॉलेजचं नाव होतं, माझी सही होती. मावशींना कोणीच काही विचारलं नव्हतं. स्वयंनिर्णयाचं तत्त्व शिकवायला मला दर वर्षी दोन तास लागतात.

काय केलं

सगळ्यात आधी मावशींना खरं सांगायचं ठरलं. कोणी सांगायचं यावर पुन्हा चर्चा झाली. सागरने एकट्याने जावं असं मला वाटत होतं. ताईंचं म्हणणं पडलं की एकटा गेला तर मावशी त्यालाच धीर देत बसतील. म्हणून तिघं गेलो.

मावशी पोळ्या आटपून मेथी निवडत बसल्या होत्या. सागर उभ्याउभ्याच बोलायला लागला. अर्ज केला नव्हता, फोन केला नव्हता, वहीत खोटं लिहिलं होतं. त्यांनी हातातली काडी मोडली, पानं टोपलीत टाकली आणि वर न बघता म्हणाल्या, “मला वाटलंच हुतं. काम चालू असतं तर तू झेराक्स मागायला आला असतास. दोन म्हैने झालं, एक कागद मागितला नाईस.”

एका चौकशीत जे कळलं असतं ते मला बारा पानांत कळलं नव्हतं.

ताईंनी त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या: वर्ष उलटल्यामुळे काम अवघड झालंय, आणि यापुढे ते संस्था करेल, सागर सोबत हवा की नको हे तुम्ही ठरवा. मावशींनी विचार केला तो व्यवहाराचा. “लिहिता येतं का नीट त्याला? मग येऊ दे. गावात माझ्या बाजूनं लिहायला कोन हाय?” माफ केलं वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत. सागरला ते ऐकायचं होतं, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत ताई, मावशी आणि सागर एसटीने गावी गेले. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून तिघांचं भाडं दोघांत बसलं. ते संस्थेने दिलं. ग्रामसेवकाने आधी सांगितलं की दिराला सही करायला घेऊन या. ताईंनी शांतपणे विचारलं, हे कोणत्या नियमात आहे ते लिहून द्या. लिहून काही मिळालं नाही, पण नोंदवही उघडली गेली. नोंद नाही, असा दाखला मिळाला. पोलीस पाटलाने मृत्यूची तारीख लेखी दिली. गावच्या आशाताईंच्या डायरीत त्या दिवसाची नोंद सापडली: नाव, वय, “छातीत दुखून”, वेळ. अडीच ओळी, त्यात एकही विशेषण नाही. सागरने ती पुरावा म्हणून जशीच्या तशी उतरवून घेतली. पुढे तहसीलमध्ये याच ओळींचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

मार्चच्या सुरुवातीला तहसील कार्यालयात अर्ज दाखल झाला. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं ऑफिस निवडणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. 4 जूनचा निकाल लागेपर्यंत कागद हलला नाही. नोव्हेंबरमध्ये अर्ज झाला असता तर हे काहीच आड आलं नसतं.

इकडे सागरचं. शिस्तपालन समितीला मी लेखी कळवलं, माझ्या सह्यांसकट. अकरा दिवस गैरहजर धरले गेले, ते त्याने मे महिन्यात सलग भरून काढले, आणि फील्डवर्कमध्ये जेमतेम पास एवढेच गुण पडले. विद्यार्थी विकास विभागाकडून ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात काम मिळालं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतून महाराष्ट्राने घेतलेली ही कल्पना. अडचण एवढीच की तासाला मिळणारे पैसे डिलिव्हरीपुढे काहीच नाहीत. म्हणून शनिवार-रविवारची डिलिव्हरी त्याने सोडली नाही, आणि मीही सोड म्हटलं नाही. स्वाधारचा हप्ता नंतर आला.

एक बाजू राहिली

मे महिन्यात सागरच्याच बॅचची एक मुलगी मला भेटायला आली. ती रात्री मेडिकल दुकानात हिशेब लिहायची, दोन बस बदलून फील्डवर जायची. वर्षभरात तिचे दोन दिवस बुडाले होते आणि तिने ते तसेच लिहिले होते. तिला ‘बी’ मिळाला होता. ती म्हणाली, “मॅडम, मीही न जाता छान लिहिलं असतं तर मलाही सुट्टीत दिवस भरून मिळाले असते का?”

तिला मी सांगितलं की तुझे गुण पुन्हा तपासते, आणि तपासले. तिच्या जर्नलमध्ये ‘अपुरे’ हा शेरा सात ठिकाणी होता. श्रेणी बदलली. पण तिने विचारलं होतं ते श्रेणीबद्दल नव्हतंच. त्याचं उत्तर मी दिलं नाही, आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

निष्पत्ती

जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात आदेश मिळाला, महिनाअखेरीस ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला हातात आला. मृत्यूनंतर दीड वर्षाने. ताईंनी लगेच निराधारच्या अर्जाची तयारी केली. पण त्याच महिन्यात ‘लाडकी बहीण’ सुरू झाली होती. वस्तीत रांगा लागल्या, त्याच अंगणवाडीच्या सेविकांनी फॉर्म भरून घेतले, आणि मावशींनीही शेजारणींबरोबर भरला होता. त्याला नवऱ्याचा दाखला लागला नव्हता. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे 3,000 रुपये त्यांच्या खात्यावर पडले.

निराधारचेही 1,500 आणि हेही 1,500. दुसऱ्या सरकारी योजनेतून एवढी रक्कम मिळत असेल तर लाडकी बहीण मिळत नाही. ताईंचं मत होतं की निराधार योजना जुनी आहे, तीच धरावी. मावशी म्हणाल्या, “जे आलंय ते राहू द्या. दुसऱ्याच्या मागं किती फिरायचं?” अर्ज भरलाच नाही. ज्या कामासाठी हे सगळं सुरू झालं ते दाखला मिळाल्यावर बिनकामाचं ठरलं, आणि सुरुवातीला कोणी ज्याचा विचारही केला नव्हता त्यासाठी दाखला लागला. ऑगस्टमध्येच मावशींनी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. मजकूर सागरने लिहिला. पूर्ण एक पानसुद्धा नाही.

सागर तिसऱ्या वर्षाला गेला. त्याची एजन्सी बदलली. मावशींची केस ताईंकडेच राहिली.

आज पुन्हा तीच वेळ आली तर

तारीख असलेली केस दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे एकट्याकडे देणार नाही. ऑगस्टमध्ये केस घेतली त्या दिवशी ‘20 जानेवारी’ ही तारीख कॉलेज आणि एजन्सी दोघांच्याही भिंतीवर लागायला हवी होती. मुदत कधी संपते हा प्रश्न आमच्या केसच्या फॉर्ममध्ये नव्हताच. कौटुंबिक पार्श्वभूमीला मात्र दीड पान होतं. आता फॉर्मच्या पहिल्या ओळीत ‘मुदत’ हा रकाना आहे.

आयसी बुडवणार नाही. माझ्याकडे 14 विद्यार्थी होते, आठवड्याला सात तास व्हायला हवे होते. नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाल्यापासून मी आयसी बंद करून सगळ्यांना जीसीतच बोलावत होते. चौदा जणांत गप्प बसणारा मुलगा दिसत नाही. अर्ध्या तासात “मावशींनी काय काय कागद दिले, दाखव” एवढं विचारलं असतं तर डिसेंबरमध्येच सगळं उघडं पडलं असतं.

हजेरीपत्रकाचं आम्ही एजन्सीशी बोललो. रोज सही शक्य नाही, असं ताईंचं म्हणणं. ते खरंच आहे. मग ठरलं की दर पंधरा दिवसांनी कॉलेजकडून एक फोन करायचा, मुलांबद्दल विचारायला नाही तर वस्तीत काय चाललंय ते विचारायला. संप, पाणी बंद, कोणाचं लग्न, कोणाची मयत. ती माहिती हाताशी असली की जर्नल वेगळं वाचता येतं.

दोन पानांची अट काढून टाकली. सहकाऱ्यांपैकी दोघांना हे पटलेलं नाही. मुलं आता तीन ओळींत भागवतील असं ते म्हणतात, आणि काही मुलं भागवतातही. त्यांना मी आयसीत बोलावते.

पैशाचं कॉलेजने काही ठोस केलं, असं नाही. प्रवासभत्त्याचा प्रस्ताव दोनदा गेला, दोनदा निधी नाही असं उत्तर आलं. दोन दिवस दिवसभर विनामोबदला वस्तीत काम करायचं, आणि मुलगा येणार कोरडवाहू घरातून, हे गणित अभ्यासक्रम आखताना कोणी मांडलं होतं का, ठाऊक नाही. आम्ही प्रवेशाच्या वेळी आता एवढंच करतो: पालकांना समोर बसवून महिन्याचा खर्च कागदावर लिहून दाखवतो, आणि ‘कमवा आणि शिका’चे अर्ज पहिल्याच आठवड्यात भरून घेतो.

यंदाच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीच्या जर्नलमध्ये मागच्या आठवड्यात नोंद होती: “घर बंद. शेजारी कोणी नव्हतं. चिठ्ठी सरकवून आले.” खाली मी विचारलं आहे, “चिठ्ठीत काय लिहिलंस?” तिने अजून उत्तर लिहिलेलं नाही. मावशींच्या वारस नोंदीवर दिराने हरकत घेतली आहे आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी चालू आहे.